बारा हजारांची मोटार

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गोदावरीच्या जवळ, विष्णुपुरी नावाचे गाव आहे. काळाच्या ओघात येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले, गोदावरीचे पाणी अडविले गेले. आणि ज्या वाटेने पूर्वी बैलगाड्या जात, त्या वाटेने आता दिवसभर मोटारी धावतात. त्यांतील कितीतरी मोटारी त्या त्या घरातील पहिल्याच असतात. पहिली मोटार दारात येते तो दिवस सणासारखा असतो. गृहिणी तिला हळदकुंकू लावते, झेंडूची माळ घालते. चाकापुढे नारळ वाढविला जातो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले जातात. परंतु पेढे संपले, तरी हप्ते संपत नाहीत. साठविलेली एक ओंजळ आणि कर्जाऊ घेतलेली एक ओंजळ मिळून ती मोटार आलेली असते. आणि त्यांतली दुसरी ओंजळ पुन्हा भरून द्यावयाची असते.

अशाच दोन ओंजळींनी एक मोटार दिल्लीतील एका घरी आली होती. तिची किंमत १२,००० रुपये होती आणि घरधन्याजवळ ७,००० रुपयेच होते. हा घरधनी कोणी कारकून किंवा शाळामास्तर नव्हता; तो भारताचा पंतप्रधान होता. लालबहादूर शास्त्री हे त्यांचे नाव. देशाची तिजोरी ज्याच्या शब्दावर उघडावी, त्याला एका लहानशा मोटारीसाठी कर्ज का काढावे लागले, हे समजण्यासाठी त्यांच्या घरचा जमाखर्च आरंभापासून पाहिला पाहिजे.

लालबहादूरांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी उत्तर प्रदेशातील मुगलसराय येथे झाला. वडील शारदाप्रसाद हे प्रथम शिक्षक होते व पुढे महसूल कचेरीत कारकून झाले. मूल दीड वर्षाचे होते न होते, तोच प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला. तरुण विधवा रामदुलारीदेवी मुलांना घेऊन माहेरी आल्या. तेथे आजोबांचा आधार होता. पण दोनच वर्षांनी तेही गेले. यापुढे नातलगांच्या आश्रयावर वाढणाऱ्या या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळली. आपल्या ताटात पडणारा घास दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टाचा आहे, याची जाणीव त्याच्या मनात खोल रुजली. दुसऱ्याचे घेताना संकोच वाटावा आणि घेतलेले विसरू नये, हा धडा त्याला कोणत्याही पुस्तकातून शिकावा लागला नाही.

पुढील शिक्षणासाठी लालबहादूर काशीस आले. १९२१ साली महात्मा गांधींनी सरकारी शाळा सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांची शालान्त परीक्षा अगदी तोंडावर आली होती. परीक्षा उत्तीर्ण झाल्यास नोकरी मिळणार होती आणि नोकरी मिळाल्यास आईचे कष्ट सरणार होते. हा विचार त्यांच्या मनात आला नसेल, असे नाही. तथापि त्यांनी शाळा सोडली. नंतर ते राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या काशी विद्यापीठात दाखल झाले व १९२५ साली तेथील पदवी त्यांनी प्रथम श्रेणीत मिळविली. ज्यांचे नाव आज विष्णुपुरीच्या विद्यापीठाला आहे, ते स्वामी रामानंद तीर्थही अशाच एका राष्ट्रीय विद्यापीठाचे, पुण्याच्या टिळक विद्यापीठाचे, विद्यार्थी होते. काशी विद्यापीठाच्या पदवीचे नाव शास्त्री असे होते. लालबहादूरांनी आपले जातिवाचक आडनाव पूर्वीच टाकून दिले होते. त्याच्या जागी ही पदवी कायमची येऊन बसली.

पंजाबचे थोर पुढारी लाला लजपतराय यांनी १९२१ साली लाहोर येथे लोकसेवक मंडळाची स्थापना केली होती. आपल्याकडे नामदार गोखले यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाप्रमाणेच या मंडळाचे सदस्यही अल्प मानधनावर जन्मभर देशसेवा करण्याचे व्रत घेत. शास्त्रीजी या मंडळाचे आजीव सदस्य झाले. १९२८ साली मिर्झापूरच्या ललितादेवींशी त्यांचा विवाह झाला. सासऱ्यांकडून त्यांनी हुंडा म्हणून एक चरखा आणि थोडी खादी यापलीकडे काही घेतले नाही. नव्या संसाराचा आरंभ असा सुताच्या धाग्याने झाला.

स्वातंत्र्याच्या लढ्यात शास्त्रीजींनी एकंदर सुमारे नऊ वर्षे तुरुंगात काढली. त्या काळची एक आठवण आवर्जून सांगितली जाते. शास्त्रीजी कारावासात असताना त्यांच्या कुटुंबास मंडळाकडून दरमहा ५० रुपये मिळत. ही रक्कम वेळेवर पोहोचते ना आणि तेवढ्यात घर चालते ना, अशी विचारणा त्यांनी पत्नीला पत्राने केली. ४० रुपयांत घर चालते आणि १० रुपये शिलकीस पडतात, असे ललितादेवींनी मोठ्या समाधानाने कळविले. काटकसर करणाऱ्या गृहिणीला त्यात अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होते. परंतु शास्त्रीजींनी लगेच मंडळाला कळविले, की आपल्या कुटुंबाला ४० रुपये पुरतात, तेव्हा उरलेले १० रुपये अधिक गरजू माणसाला द्यावेत.

ही गोष्ट ऐकताना ललितादेवींचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ते १० रुपये त्यांनी पोटाला चिमटा घेऊन वाचविले होते. मुलाबाळांच्या घरात आजार सांगून येत नाही. शिल्लक म्हणजे अशा वेळचा धीर. तो धीर पतीच्या एका पत्राने गेला. शास्त्रीजींच्या सचोटीची किंमत ही अशी पुष्कळदा त्यांच्या पत्नीने मोजली आहे. तिच्या वाट्याचे हे देणे येथेच संपणारे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर अधिकाराची पदे शास्त्रीजींकडे चालत आली. उत्तर प्रदेशात ते मंत्री झाले आणि १९५२ साली पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे रेल्वे खाते आले. १९५६ सालच्या पावसाळ्यात महबूबनगरजवळ पूल कोसळून आगगाडीला भीषण अपघात झाला आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. नांदेड आणि महबूबनगर हे दोन्ही जिल्हे त्या वेळी एकाच हैदराबाद राज्यात होते. शास्त्रीजींनी राजीनामा पुढे केला. नेहरूंनी तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात मद्रास राज्यातील अरियालूर येथे तसाच दुसरा अपघात झाला व पुन्हा शंभराहून अधिक प्रवासी दगावले. या वेळी मात्र शास्त्रीजींनी राजीनाम्याचा आग्रह सोडला नाही. पूल त्यांनी बांधला नव्हता, गाडी त्यांनी हाकली नव्हती. तरीही खात्याचा प्रमुख म्हणून त्या मृत्यूंचे ऋण आपल्याकडे लागते, असे त्यांनी मानले. ऋण केवळ पैशाचेच असते असे नाही.

पुढे ते पुन्हा मंत्रिमंडळात आले व १९६१ साली गृहमंत्री झाले. १९६३ साली काही ज्येष्ठ नेत्यांनी पदे सोडून पक्षकार्यास वाहून घ्यावे, असे ठरले, तेव्हा शास्त्रीजींनी गृहमंत्रिपद सोडले. मंत्र्याचे वेतन थांबले. खासदाराचे तेवढे राहिले. घरातील माणसे तीच, येणारेजाणारे तेच, मिळकत मात्र आटली. विजेचे देयक आता स्वतः भरावयाचे, म्हणून संध्याकाळी माणसे बसली असतील त्या खोलीतच दिवा लावावा, बाकी घर अंधारात ठेवावे, असा त्यांचा क्रम असे. खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून त्यांनी वृत्तपत्रांसाठी लेख लिहिण्यास आरंभ केला. काल देशाचा गृहमंत्री असलेला हा पुरुष आज लेखणीवर चार पैसे मिळवीत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

पंडित नेहरूंच्या निधनानंतर ९ जून १९६४ रोजी शास्त्रीजी भारताचे पंतप्रधान झाले. त्यांच्या दिमतीस सरकारी मोटार आली. ती शेवरले इम्पाला जातीची, लांबरुंद आणि डौलदार होती. मुलांचे डोळे तिच्यावर न खिळते तरच नवल. आजवर ती टांग्यातून शाळेत गेलेली होती. एके दिवशी शास्त्रीजींच्या एका मुलाने वडिलांच्या नकळत ती मोटार बाहेर काढली आणि तो फेरफटका मारून आला. दुसऱ्या दिवशी शास्त्रीजींना हे समजले. ते मुलावर रागावले नाहीत. त्यांनी चालकाला बोलावले, मोटारीची नोंदवही मागविली आणि आदल्या दिवशी मोटार किती धावली, ते विचारले. ती १४ किलोमीटर धावली होती. हा प्रवास खाजगी होता, अशी नोंद त्यांनी करावयास लावली आणि तेवढ्या अंतराचे पैसे घरखर्चातून सरकारजमा करण्यास ललितादेवींना सांगितले. मुलगा खजील झाला. रागाच्या शब्दांनी जे साधले नसते, ते वहीतल्या एका ओळीने साधले.

घरासाठी स्वतःची एक मोटार असावी, असे घरच्या मंडळींना वाटे. ही मागणी काही अवास्तव नव्हती. शास्त्रीजींनी नवी मोटार केवढ्याला पडते, याची चौकशी करण्यास आपल्या सचिवांना सांगितले. फियाट मोटारीची किंमत १२,००० रुपये असल्याचे कळले. ही मोटार मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा तो कारखाना होता. शास्त्रीजींनी बँकेतील आपली शिल्लक पाहिली. ती सुमारे ७,००० रुपये भरली. ५,००० रुपये कमी पडत होते.

५,००० रुपये म्हणजे तुरुंगाच्या दिवसांतील त्या पन्नास रुपयांचे शंभर महिने! पण पंतप्रधानाला एवढी रक्कम उभी करणे अवघड होते काय? देशातील धनिकांपैकी कोणीही ती हसतमुखाने दिली असती. मोटार बनविणाऱ्यांनीही कदाचित किंमत घेतली नसती. शास्त्रीजींना या सर्व वाटा दिसत होत्या आणि त्या शेवटी कोठे जातात, हेही दिसत होते. आज देणगी म्हणून घेतलेली वस्तू उद्या उपकार म्हणून पुढे उभी राहते आणि उपकाराची फेड राज्यकर्त्याला स्वतःच्या खिशातून नव्हे, तर प्रजेच्या खिशातून करावी लागते. म्हणून शेजारपाजारच्या सामान्य नोकरदाराने जे केले असते, तेच त्यांनी केले. त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडे ५,००० रुपयांच्या कर्जासाठी अर्ज केला.

या बँकेची स्थापना १८९४ साली लाहोर येथे झाली होती आणि तिच्या उभारणीत लाला लजपतरायांचा पुढाकार होता. ज्यांच्या मंडळाने तरुण लालबहादूरांना मानधन दिले, त्यांनीच हातभार लावलेल्या बँकेच्या दाराशी ते आता कर्जदार म्हणून उभे होते. अर्ज करताच कर्ज मंजूर झाले. तेव्हा सामान्य माणसाच्या अर्जाचाही निकाल इतक्याच तत्परतेने लागतो काय, अशी पृच्छा शास्त्रीजींनी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे केली, असे सांगतात. यथावकाश १९६४ च्या बनावटीची, फिकट रंगाची ती फियाट घरी आली. डीएलई ६ हा तिचा क्रमांक. इम्पालाच्या शेजारी ती अगदी साधी दिसत असली पाहिजे. पण तिच्यात बसताना नोंदवहीची आठवण कोणालाही ठेवावी लागणार नव्हती. ती मुलांच्या हक्काची होती.

मोटारीचे हप्ते चालू असतानाच देशावर मोठी संकटे ओढवली. पाऊस रुसला, अन्नधान्याची टंचाई झाली आणि परदेशातून गहू आणण्याची पाळी आली. त्यातच १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. शास्त्रीजींनी सैनिक आणि शेतकरी या दोघांचा एकाच श्वासात जयजयकार करणारी घोषणा राष्ट्राला दिली. धान्य वाचविण्यासाठी प्रत्येकाने आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे, असे त्यांनी देशाला सांगितले. परंतु सांगण्यापूर्वी तो प्रयोग आपल्या घरी करून पाहिला. आपली मुले एक वेळ उपाशी राहू शकतात, याची खात्री झाल्यावरच त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी शब्द काढला. निवासस्थानासमोरील हिरवळीवर त्यांनी स्वतः नांगर धरला. घरचा हिशेब आणि देशाचा हिशेब या दोन्ही वह्या त्यांनी एकाच हाताने, एकाच शिस्तीने लिहिल्या.

युद्धानंतर तहाच्या बोलण्यांसाठी शास्त्रीजी ताश्कंद येथे गेले. १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ जानेवारीच्या प्रारंभी, तेथेच त्यांचे आकस्मिक निधन झाले. सारा देश शोकात बुडाला. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. मागे त्यांनी काय ठेवले, हे पाहू जाता घर नाही, जमीन नाही, असे दिसले. होती ती एक फियाट मोटार, आणि तीही अजून पुरती त्यांची झाली नव्हती. बँकेच्या वहीत त्यांच्या नावावर कर्जाची बाकी उभी होती.

ते कर्ज माफ व्हावे, अशा सूचनाही त्या वेळी झाल्या, असे सांगतात. देशासाठी परक्या भूमीवर देह ठेवलेल्या पंतप्रधानाची एवढीशी बाकी सोडून दिली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु बँकेचा पैसा हा बँकेच्या मालकांचा नसतो. तो शेकडो ठेवीदारांचा असतो. कोणा शिक्षकाने, कोणा दुकानदाराने, कोणा विधवेने पैपैने साठवून तो तेथे ठेवलेला असतो. ललितादेवींनी माफी घेतली नाही. पतीच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनातून त्यांनी ते कर्ज हप्त्याहप्त्याने फेडले.

एके काळी दहा रुपयांची शिल्लक पतीने परत करावयास लावली, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, ते कोणास ठाऊक. आता मात्र पत्र लिहिणारे कोणी नव्हते, नोंदवही मागणारे कोणी नव्हते. हा निर्णय त्यांचा एकटीचा होता, आणि तो त्यांनी शास्त्रीजींनी घेतला असता तसाच घेतला. पतीची सचोटी ही इतकी वर्षे त्यांनी केवळ सोसली नव्हती. ती त्यांनी आपलीशी केली होती. शेवटचा हप्ता भरला गेला, तेव्हा ती मोटार खऱ्या अर्थाने शास्त्रीजींच्या घरची झाली.

दिल्लीतील शास्त्रीजींच्या स्मारकात ती फियाट जतन करून ठेवण्यात आली. राजेमहाराजांच्या सोन्याचांदीने मढविलेल्या गाड्या पाहण्यास लोक दूरदूर जातात. या मोटारीला तसली काहीच झळाळी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्यासारख्या हजारो मोटारी बाहेर पडल्या आणि झिजून, गंजून नाहीशाही झाल्या. ही एक मात्र राहिली. तिची किंमत बारा हजारच होती. पण ती सगळी, अखेरच्या रुपयापर्यंत, ज्याची त्याला पोहोचती झाली होती.

अभ्यास

१. लालबहादूरांच्या बालपणाचा त्यांच्या स्वभावावर कोणता परिणाम झाला?

२. मंडळाकडून मिळणाऱ्या ५० रुपयांची हकीकत तुमच्या शब्दांत लिहा. ललितादेवींच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हांस काय वाटले असते?

३. सरकारी मोटार १४ किलोमीटर फिरविल्यावर शास्त्रीजींनी काय केले? मुलावर न रागावण्याचे कारण काय असावे?

४. कर्ज माफ करून घेण्यात गैर काय होते, असे ललितादेवींना वाटले असेल?

५. ऋण केवळ पैशाचेच असते असे नाही, हे विधान पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

६. तुमच्या घरी एखादी मोठी वस्तू प्रथम आली, तेव्हा तिच्यासाठी पैसे कसे जमविले गेले, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.